जुळ्यांची रात्रीची झोप: दोन पोरं, घड्याळ एकच

माझी जुळी नोव्हेंबरात झाली, ३६व्या आठवड्यात, थोरला २ किलो १०० ग्रॅमचा आणि धाकटी १ किलो ९०० ची, दोघांत दोन मिनिटांचं अंतर. पहिले तीन महिने आमच्या घरात रात्र अशी नव्हतीच, एक झोपला की दुसरी उठायची, तिला पाजून ढेकर काढून खाली ठेवलं की हा उठायचा, आणि बाहेर धुळ्याची ती थंडी, की रजईतून हात बाहेर काढायची इच्छा होत नाही. आता दोघं अकरा महिन्यांची आहेत, आठ-सव्वाआठला झोपतात ते पहाटे साडेपाचपर्यंत. नात्यातल्या, गल्लीतल्या जुळ्यांच्या आया सारख्या विचारतात की काय केलं, फोनवर कोणालाच नीट सांगून होत नाही कारण मधेच कोणीतरी रडतं, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते. मी डॉक्टर नाही, पण आमच्या बालरोगतज्ज्ञांना प्रत्येक पायरीला विचारून केलंय, तुम्हीपण विचाराच, कारण जुळ्यांची वजनं वेगळी, प्रत्येकाची गोष्ट वेगळी.

पहिली गोष्ट, रात्रभर झोपणं म्हणजे दहा तास सलग नव्हे. डॉक्टर लोक बाळ पाच-सहा तास सलग झोपलं की त्यालाच रात्रभर झोपलं म्हणतात. मला हे चौथ्या महिन्यात कळलं आणि तोवर मी उगाच रडत होते की शेजारणीचं बाळ रात्रभर झोपतं आणि माझी नाही. तिचंही साडेअकरा ते पाचच झोपायचं. आणि कुठलंच बाळ मधे जागं होत नाही असं नसतंच, लहान बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण पन्नास मिनिटांचा असतो, आपला दीड तासाचा, प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ते जरा चाळवतं, डोळे उघडतं, पुन्हा झोपतं. आपल्याला शिकवायचंय ते एवढंच, की चाळवल्यावर आपलं आपण परत झोपायचं.

दुसरी गोष्ट वय. जुळी बरीच वेळा ३७ आठवडे भरायच्या आतच येतात, म्हणून त्यांचं वय जन्मतारखेवरून मोजू नका, ४० आठवड्यांना जेवढे आठवडे कमी तेवढे वजा करा. माझी चार आठवडे आधी आली म्हणजे पाच महिन्यांची असताना झोपेच्या हिशोबाने चारचीच. दोन-तीन महिन्यांपर्यंत बाळाच्या शरीरात दिवस-रात्रीचं घड्याळ तयारच झालेलं नसतं, ज्या मेलाटोनिनमुळे आपल्याला रात्री झोप येते ते त्यांच्यात तेव्हा कुठे बनायला लागतं. त्यामुळे त्या आधी कोणी कितीही सांगो, सवय लावायच्या फंदात पडू नका. उलट कमी वजनाच्या बाळांना सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं, जन्माचं वजन भरून निघेपर्यंत आणि डॉक्टर "आता झोपू द्या" म्हणेपर्यंत. आशाताई घरी येतात त्यांच्याकडे वजनकाटा असतो, वजन करून घ्या आणि लिहून ठेवा, पुढे हेच आकडे कामाला येतात.

त्या तीन महिन्यांत मी फक्त एक केलं, दिवस आणि रात्र वेगळी दाखवली. सकाळी दोघांना ओट्यावर कोवळ्या उजेडात घेऊन बसायचं, दिवसा झोपली तरी घरातले आवाज चालू, मिक्सर चालू, आबांचं रेडिओ चालू, कोणी कुजबुजत बोलायचं नाही. रात्री मात्र झिरोचा पिवळा बल्ब, बोलणं बंद, बाळाच्या डोळ्यात डोळे घालून लाड नाही, पाजायचं, गरज असेल तर लंगोट बदलायचा, खाली ठेवायचं. मोबाईलसुद्धा बघायचा नाही पाजताना, त्याचा उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे माझं आयुष्य रुळावर आलं. एक उठला की दुसऱ्यालाही उठवा.

मला माहितीय हे ऐकून घरातली मोठी माणसं काय म्हणतील. माझी माय अमळनेरकडची, अहिराणी बोलणारी, तिने ऐकल्याबरोबर म्हटलं, "निजेल लेकरूले उठाडू नही वो." सासूबाई पण तेच म्हणाल्या. आणि एका बाळाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण हिशोब करा, एकाला पाजायला, ढेकर काढायला, झोपवायला पाऊण तास, तोवर दुसरी उठली की तिचा पाऊण तास, आणि तीन तासांनी परत पहिल्याची पाळी, म्हणजे आईला सलग झोप मिळते ती सव्वा-दीड तास, तेही नशीब असेल तर. दोघांना एकाच वेळी पाजलं तर तीच आई दोन-सव्वादोन तास झोपते. मी सासूबाईंना वहीत लिहून दाखवलं, तीन रात्रींचं, कोण कधी उठलं, मी किती झोपले. वही बघून त्या गप्प झाल्या आणि दुसऱ्या रात्रीपासून त्याच धाकटीला हलकेच उचलून माझ्याकडे आणून द्यायला लागल्या. त्यामुळे सांगते, वही ठेवा. मोबाईलचं ॲप-बिप काही लागत नाही, शाळेची शंभर पानी वही, दोन रकाने, थो आणि धा.

दोघांना एकत्र पाजायचं तंत्र दवाखान्यातल्या नर्सताईंनी शिकवलं होतं. भिंतीला पाठ टेकून बसायचं, दोन्ही बाजूला उशा (आपल्यासाठी, बाळांसाठी नाही), आणि दोघांना दोन्ही काखेत घ्यायचं, डोकी पुढे, पाय मागे आपल्या पाठीकडे, जशी आपण घागर काखेत धरतो तसं. पहिल्या वेळी कोणीतरी बाळं उचलून द्यायला लागतंच. आठ-दहा दिवसांत जमतं. दूध पुरत नाही असं वाटत असेल तर रात्रीचं पाजणं आधी बंद करू नका, रात्रीच दूध वाढवणारं हार्मोन जास्त असतं, रात्री पाजणं तोडलं की दिवसाचंही दूध कमी होतं, हे मी माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत बघितलंय. काढलेलं दूध ठेवायचं असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका, लगेच फ्रीजमध्ये, आणि वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने पाजा.

हां, पण हा नियम कायमचा नाही, इथे खूप जणी चुकतात. सहा-सात महिन्यांनंतर, वजन चांगलं असेल आणि एकाला रात्री भूक लागणं कमी झालं असेल, तर त्याला उठवायचं बंद करायचं. आमचा थोरला सातव्या महिन्यात रात्रीचा एक वेळ आपोआप सोडायला लागला, धाकटी लहानखुरी, तिला नऊ महिन्यांपर्यंत पहाटे तीनला लागायचंच. तेव्हा मी तिला एकटीलाच पाजलं. तोवर त्यांची दिवसाची वेळ एक झालेली असते, त्यामुळे काही बिघडत नाही.

कुठे झोपवायचं

यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण झोप चांगली लागावी म्हणून आपण जे करतो त्यातलं बरंच धोक्याचं आहे आणि कोणी स्पष्ट सांगत नाही.

बाळाला पाठीवर झोपवायचं, दरवेळी, दिवसा आणि रात्री, पालथं नाही, कुशीवर पण नाही. खाली कडक, सपाट गादी, चादर ताणून खोचलेली. आणि दोघांना दोन वेगळ्या जागा. आपल्याला वाटतं पोटात सोबत होती, शेजारी शेजारी झोपवली की शांत राहतील, पण एकाचा हात दुसऱ्याच्या तोंडावर जातो, पांघरूण ओढलं जातं, डॉक्टर म्हणतात जुळी असली तरी अंथरुणं वेगळीच. पहिले सहा महिने तरी आपल्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण आपल्या अंथरुणात नाही, जुळी आणि कमी वजनाची बाळं असतील तर हे फारच महत्त्वाचं. आमच्याकडे दोन पाळणे ठेवायला जागा नव्हती. मग आम्ही खाली फरशीवर चटई, त्यावर प्रत्येकाची छोटी घट्ट कापसाची गादी, मधे दीड हात जागा, आणि पलीकडे मी. खर्च काहीच नाही आणि पडायची भीती नाही.

मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून सगळेच ठेवतात, आमच्याकडेही दोन शिवून आल्या होत्या आत्याबाईंकडून. मी झोपेत कधीच वापरल्या नाहीत. पहिल्या वर्षात बाळाला उशीच नको, लोड नको, मऊ खेळणी नको, तोंडाशी गोधडी नको. डोकं चपटं होऊ नये म्हणून जागेपणी, कोणी समोर बसलेलं असताना, पोटावर खेळवायचं, आणि रोज रात्री डोकं कधी उजवीकडे कधी डावीकडे वळवून ठेवायचं. उशा मी फेकल्या नाहीत, आत्याबाईंनी एवढ्या मायेने शिवल्या, देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवल्यात.

आणि झोळी. खान्देशात झोळीशिवाय बाळ वाढलंय असं घर सापडणार नाही, साडीची घडी, वरती कडी, आजीचा हात. मी पण टाकली होती दोन, मधल्या खोलीत. एका दुपारी धाकटी अडीच महिन्यांची होती, मी सहज वाकून बघितलं तर तिची हनुवटी छातीला टेकलेली, मान पूर्ण दुमडलेली, श्वास घुसमटल्यासारखा वाजत होता. उचलल्यावर लगेच ठीक झाली, पण माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते. लहान बाळाची मान अशी वाकली की श्वासनलिका दबते, लवकर जन्मलेल्यांची तर अजूनच. त्या दिवसापासून झोळीत झोपायला ठेवणं बंद. मोठ्यांना वाईट वाटलं, मी समजून सांगितलं, की झोका द्यायचाय ना, मांडीवर घेऊन द्या, खांद्यावर घेऊन फिरा, झोप लागली की खाली सपाट.

ज्यांच्या पोरांना झोळीची सवय आधीच लागलीय त्यांनी एकदम तोडू नका, पण पटकन तोडा. आम्ही आठ दिवसांत केलं. पहिले दोन दिवस झोप लागेपर्यंत मांडीवर हलवायचं. मग डोळे जड होईपर्यंतच हलवायचं आणि खाली ठेवून छातीवर हात. मग हलवणं नाही, फक्त थोपटणं. मग थोपटणंही नाही, नुसता हात.

सुरुवातीला कपड्यात गुंडाळून झोपवलं तर चालतं, दुपट्यात, पाठीवरच, आणि कमरेखाली सैल, पाय हलले पाहिजेत. पण बाळ कुशीवर वळायची खटपट करायला लागलं, साधारण तीन-चार महिन्यांत, की गुंडाळणं बंद म्हणजे बंद. थंडीत आम्ही स्वेटर, पायमोजे घालून वर जास्तीची रजई टाळली, आणि टोपी झोपताना काढली. मानेच्या मागे हात लावून बघायचा, घाम असेल तर कपडा कमी करा.

शेगडीची धुरीही बंद केली. ओवा-बाळंतशेपाचा वास छान असतो हे खरं, पण धूर तो धूरच, त्या एवढ्याशा फुप्फुसांना. मच्छर अगरबत्ती, कॉइल पण नको, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी घ्या, दोघांच्या दोन.

संध्याकाळचा क्रम

घड्याळापेक्षा क्रम महत्त्वाचा. बाळाला साडेसात कळत नाही, पण तेलाच्या वाटीमागोमाग पाणी, पाण्यामागोमाग दूध, दुधामागोमाग अंधार, हे दहा-बारा दिवसांत कळतं. आमचा क्रम असा, सव्वासहाच्या पुढे दुपारची झोप चालू ठेवायची नाही, उठवायचं. सात वाजता हलक्या हाताने तेल, उन्हाळ्यात तेल नको तर नुसतं ओल्या पंच्याने अंग पुसून सुती झबलं. मग दोघांना दूध, या खोलीतला मोठा दिवा बंद, सासूबाई एक अंगाईसारखं गुणगुणतात, रोज तेच, मग आठच्या आसपास खाली.

अडचण बाळांची नसते, घराची असते. आपल्याकडे संध्याकाळी सातला घर जागं होतं, टीव्ही सुरू, पाहुणे, चहा, मुलांना बघायला आलेली माणसं, "दाखव ना जरा, झोपली का एवढ्यात". माझ्या यजमानांनी एक काम केलं त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहील, त्यांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं की साडेसातनंतर पोरं दिसणार नाहीत, सकाळी या. सुनेने सांगितलं असतं तर वेगळा अर्थ निघाला असता. त्यामुळे हे सांगायचं काम नवऱ्याने नाहीतर सासऱ्यांनी करा, हे मी मनापासून सांगते.

जास्त जागवलं की जास्त झोपतील हा समज अगदी उलटा आहे. जास्त दमलेलं बाळ चिडतं आणि रात्री जास्त उठतं. चार महिन्यांचं बाळ दीड-दोन तास जागं राहिलं की त्याला झोप हवी असते, सहा महिन्यांचं दोन-अडीच, आठ महिन्यांचं अडीच-तीन. चार ते बारा महिन्यांत चोवीस तासांत दुपारच्या झोपा धरून १२ ते १६ तास झोप लागते, यातला मोठा भाग रात्री आला की आपलं काम झालं. डोळे चोळणं, कान ओढणं, नजर हरवणं, ही खूण दिसली की घ्या. दोघांत एकाला आधी दिसते, तिकडूनच दोघांची सुरुवात करा.

खाली ठेवायचं कसं, आणि रडली तर

बाळ झोपेत आहे पण पूर्ण झोपलेलं नाही, डोळे अर्धे, अशा वेळी खाली ठेवायचं. हेच सगळ्यात कठीण आणि याशिवाय बाकी काही चालत नाही. मांडीवर झोपून गेलेलं बाळ मध्यरात्री चाळवतं तेव्हा मांडी शोधतं, मांडी नसते म्हणून रडतं. गादीवर झोपलेलं बाळ चाळवतं तेव्हा सगळं होतं तसंच असतं.

आम्ही हे एप्रिलच्या सुरुवातीला चालू केलं, पोरं पाच महिन्यांची, हिशोबाने चारची. जरा जमायला लागलं आणि आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, आली, माहेरी गेलो. तिथे गच्चीवर झोपायचं, आजूबाजूला पंधरा माणसं, रात्री बारापर्यंत गप्पा, गाणी, झोके, आणि पोरं मामाच्या खांद्यावर, मावशीच्या मांडीवर. आठ दिवसांत सगळं पुसलं गेलं. मला आखाजीला गेल्याचं वाईट वाटत नाही, लेकीने आखाजीला माहेरी जायचंच, पण शिकवायची सुरुवात मात्र सण, लग्न, प्रवास, लस यांच्या तोंडावर करू नका. सलग तीन आठवडे मोकळे बघा. आम्ही मेच्या मध्यात परत पहिल्यापासून केलं आणि दुसऱ्या वेळी लवकर जमलं.

रडणं. पहिल्यांदा थांबून ऐका. बाळं झोपेतच कण्हतात, कुरकुरतात, हातपाय मारतात, डोळेपण उघडतात, आणि आपण धावून जाऊन त्यांना खरं जागं करतो. मी एक-दोन मिनिटं मोजायची, मनात नाही, घड्याळात बघून, कारण रात्री दोनला वीस सेकंद पण दहा मिनिटांसारखे वाटतात. निम्म्या वेळा ती पुन्हा झोपायची. खरं रडणं वेगळं असतं, चढत जातं, ते कानाला लगेच कळतं. मग जायचं, उचलायच्या आधी छातीवर हात, हळू आवाज, मिनिट-दीड मिनिट, शांत झाली तर हात काढून बाजूला. नाहीच झाली तर उचलायचं, शांत करायचं, परत जागी असतानाच खाली. एका रात्री मी धाकटीला अकरा वेळा असं खाली ठेवलंय, वहीत आहे. चौथ्या रात्री तीन वेळा. आठव्या रात्री एकदा.

दर वेळी थोडं थोडं जास्त थांबून मग जाणं, अशीही पद्धत आहे, सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांसाठी. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४३ बाळांवर ही आणि आणखी एक पद्धत तपासली होती, वर्षभराने बघितलं तर त्या बाळांच्या वागण्यात किंवा आईशी असलेल्या मायेत काही फरक पडलेला दिसला नाही. म्हणून कोणी ते केलं तर मी नावं ठेवणार नाही, पण माझ्याने दार लावून बाहेर बसवलं गेलं नाही, मी शेजारी बसूनच केलं, वेळ जास्त लागला एवढंच.

दोघं एकदम रडली तर कोणाकडे आधी जायचं? मी कमी रडणाऱ्याकडे आधी जायची. तो अर्ध्या मिनिटात शांत होतो, मग दुसऱ्यासाठी दोन्ही हात मोकळे. आणि एकाच्या रडण्याने दुसरं उठेल या भीतीने धावू नका, जुळ्यांना एकमेकांच्या आवाजाची इतकी सवय असते की बऱ्याचदा एक टाहो फोडतंय आणि दुसरं शेजारी गाढ.

घरात सगळ्यांनी एकच पद्धत पाळायची, हे आधी बसून ठरवा. आई खाली ठेवतेय, आजी उचलतेय, असं झालं तर बाळाला काहीच कळत नाही आणि ते बरोबरच आहे त्याचं. "रडस ना ते, उचली ले" हे मायेपोटीच येतं, पण रात्रीपुरतं नाही. आमची पाळी अशी, नऊ ते एक हे, एक ते पाच मी, पाचनंतर आई, म्हणजे सासूबाई, त्या तशाही पहाटे उठतात. यांची एमआयडीसीत सकाळची सातची शिफ्ट असते तरी त्यांनी हे केलं. रात्री बाप गेला की बाळाला दुधाचा वास येत नाही, लवकर झोपतं, हे आम्हाला नंतर कळलं.

उन्हाळा

मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ वर, रात्री बारालाही भिंती गरम. कूलर लागतोच. बाळांवर थेट झोत नको, भिंतीकडे तोंड करा, खिडकी थोडी उघडी, आणि गादीपासून सात-आठ फूट लांब. त्याच्या एकसुरी घरघरीचा फायदा होतो, गल्लीतली कुत्री, मोटारसायकली ऐकू येत नाहीत. फक्त आवाज फार मोठा नको, खोलीत आपण हळू बोललो तर ऐकू आलं पाहिजे. कूलरचं पाणी आठवड्याला पूर्ण ओतून टाकी घासून पुसा, डेंग्यूचे डास तिथेच होतात. लाईट गेली की कूलर बंद आणि पोरं उठणार, म्हणून एक चार्जिंगचा पंखा भरून ठेवा. सहा महिन्यांच्या आत कितीही ऊन असलं तरी वरचं पाणी नाही, जास्त वेळा अंगावर पाजा, त्या दिवसांत रात्री एक वेळ वाढला तरी वाढू द्या.

झोपेसाठी काही देऊ नका. जायफळ उगाळून, बाळघुटीत जास्तीचं, मध, ग्राईप वॉटर, सर्दीचं औषध दोन थेंब, सगळे सांगतील. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. जायफळाने येते ती झोप नाही, गुंगी आहे. सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू केलं, मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं (आपल्या जळगावचं), पण रात्री पोट टम्म भरलं की झोपेल म्हणून कोंबू नका, उलट पोट दुखतं.

सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसींनंतर एक-दोन रात्री किरकिर असते. तापाचं औषध डॉक्टरांनी वजनावर सांगितलेलं तेवढंच, दोघांना वेगवेगळं, आणि कोणाला दिलं ते वहीत लगेच लिहा. अर्ध्या झोपेत एकालाच दोनदा दिलं जाऊ शकतं. मी थोरल्याच्या पायात काळा दोरा बांधलेलाच होता, अंधारात त्यानेच ओळखायची.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, दूध ओढत नाही, लघवी फार कमी झाली, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, मधे श्वास थांबतो, उठवूनही नीट उठत नाही, तर झोपेचं काही बघू नका, तेव्हाच्या तेव्हा दवाखान्यात.

आणि आईचं. जुळ्यांच्या आईला नुसती झोप कमी म्हणून चिडचिड होते असं सगळे म्हणतात. पण पोरं झोपलेली असतानासुद्धा आपल्याला झोप येत नाही, सारखं रडू येतं, पोरांकडे बघून काहीच वाटत नाही, किंवा नको ते विचार येतात, तर ते आजारपण आहे आणि त्याला औषध आहे. मला दुसऱ्या महिन्यात असं झालं होतं. मी टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, फोन लावला, १४४१६, फुकट असतो, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंतर डॉक्टरांकडेही गेले. हे मी मुद्दाम लिहिलंय, कारण आपल्याकडे बाई बाजेवरून उठली, सव्वा महिना झाला, की सगळ्यांना वाटतं ती बरी झाली.

श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीचा सण, आली तेव्हा पोरं नऊ महिन्यांची होत होती. आमच्याकडे रोट असतात, रविवारी रात्रभर जागर, गाणी, सगळी भाऊबंदकी घरात. या वेळी मी घाबरले नाही. संध्याकाळी नेहमीचा क्रम केला, पोरांना वरच्या खोलीत नेलं, पंखा लावला, एक जण आळीपाळीने त्यांच्याजवळ. थोरला दोनदा उठला, धाकटी चारदा. पुढच्या दोन रात्री थोड्या बिघडल्या, तिसऱ्या रात्री जागेवर. एकदा लागलेली सवय मोडली तरी अशी परत बसते, फक्त दुसऱ्याच दिवशी नेहमीचा क्रम सुरू करायचा, "चार दिवस जाऊ दे" म्हणायचं नाही.

आठ-नऊ महिन्यांत अजून एक येतं, ते कोणी सांगितलं नव्हतं. बाळ उभं राहायला शिकतं आणि रात्री दोनला उठून भिंत धरून उभं राहतं, आणि खाली बसता येत नाही म्हणून रडतं. धाकटी आधी, आठवड्याने थोरला. त्यावर उपाय दिवसा आहे, खाटेच्या पायाशी उभं करून, खेळणं खाली ठेवून, गुडघे वाकवून बसायला शिकवा, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. आमच्या आबांनी हे काम अंगावर घेतलं, दुपारभर दोघांना उठबस करायला लावायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री मी उठून बघितलं तर धाकटी भिंतीला धरून उभी होती, मी उठणार तेवढ्यात ती आपली आपण बसली, आडवी झाली आणि कुशीवर वळून झोपली.